इंदुरात राहून सायबर सिक्युरिटीत शिरायचंय, तर सुरुवात कुठून करायची

बीसीए, बीएससी आयटी किंवा इंजिनिअरिंगच्या दुसऱ्या-तिसऱ्या वर्षातल्या मुलामुलींचा ठरलेला प्रश्न असतो, दादा, एथिकल हॅकिंगचा कोर्स कुठे करू, भंवरकुआंला एक क्लास आहे, तो साठ हजार घेतो आणि नोकरीची गॅरंटी देतो, करू का. माझं उत्तर असतं की पैसे आत्ता घरीच राहू द्या. चार-सहा महिने जे फुकट शिकता येतं ते शिका, कारण या कामाचा पाया म्हणजे नेटवर्क, लिनक्स आणि वेब, आणि हे तिन्ही फुकट शिकायला मिळतं, तेही चांगल्या दर्जाचं. तो पाया नसेल तर साठ हजारांच्या क्लासमध्येसुद्धा सर जी बटणं दाबतील तीच तुम्ही दाबाल, आणि इंटरव्ह्यूमध्ये कोणी "हे बटण दाबल्यावर आत नक्की काय झालं?" असं विचारलं की गाडी थांबेल.

खाली जे लिहितोय ते त्याच क्रमाने करा. मधली पायरी सोडून पुढे उडी मारायचा मोह होतो, विशेषतः काली लिनक्स (हॅकिंगची टूल आधीच भरून येणारी लिनक्स) टाकून लगेच हल्ले करायचा, पण क्रमाने गेलात तर वेळ कमी लागतो.

हे काम काय आहे आणि परवानगी म्हणजे काय

एखादी कंपनी, बँक किंवा हॉस्पिटल तुम्हाला सांगतं की आमची ही वेबसाइट, हे अ‍ॅप, हा सर्व्हर, यात चोराच्या आधी तुम्ही भोकं शोधा. तुम्ही शोधता, ते खरंच भोक आहे हे दाखवता, लिहून देता, ते बुजवतात, तुम्ही परत तपासता. यातलं सगळं टेक्निक शिकता येतं, पण कंपनी तुम्हाला आत घेते ती दोन गोष्टींवर विश्वास ठेवून, की तुम्ही ठरल्याबाहेर हात लावणार नाही आणि जे सापडेल ते खरं आणि नीट लिहून द्याल. या दोन सवयी पहिल्या दिवसापासून लावून घ्या, नंतर लागत नाहीत.

परवानगी म्हणजे कागदावरची परवानगी. त्यात कुठले डोमेन, कुठले आयपी (नेटवर्कवरचे मशीनचे पत्ते), कुठल्या तारखांना, काय करायचं नाही, काही बंद पडलं तर कोणाला फोन करायचा, हे सगळं लिहिलेलं असतं, त्याला आमच्याकडे स्कोप म्हणतात. तोंडी "हो हो बघ ना" ही परवानगी नव्हे, आणि ज्याच्या मालकीची सिस्टम नाही त्याने दिलेली तर मुळीच नव्हे. आपल्याकडे २००० सालचा आयटी अ‍ॅक्ट आहे. मालकाच्या परवानगीशिवाय कॉम्प्युटर किंवा नेटवर्कमध्ये शिरणं, डेटा उतरवून घेणं, सिस्टम बंद पाडणं हे कलम ४३ मध्ये येतं आणि नुकसानभरपाई लागू शकते, आणि हेच अप्रामाणिकपणे किंवा फसवणुकीच्या हेतूने केलं असं ठरलं तर कलम ६६ लागतं, ३ वर्षांपर्यंत कैद किंवा ५ लाखांपर्यंत दंड किंवा दोन्ही. आता तुमचा हेतू चांगला होता हे पोलिसांना, वकिलाला आणि पुढे प्रत्येक कंपनीच्या एचआरला समजावत बसणं, हे वयाच्या विसाव्या वर्षी कोणाच्याही वाट्याला येऊ नये असं मला मनापासून वाटतं. म्हणून कॉलेजचं मार्कांचं पोर्टल, शेजाऱ्यांचा वायफाय, मित्राचं इन्स्टाग्राम, यातल्या कशालाही हात नाही.

घरात एकदा कळलं की तुम्ही "हॅकिंग" शिकताय की मग काकू, वहिनी, बिल्डिंगमधले काका सगळे येतात, कोणाला नवऱ्याचं व्हॉट्सअ‍ॅप बघायचं असतं, कोणाचं फेसबुक गेलेलं असतं. पहिल्याला स्पष्ट नाही म्हणा. दुसऱ्याला कंपनीच्या अधिकृत रिकव्हरीच्या पानावर नेऊन बसा, तेवढी मदत खूप असते. आणि कोणाचे पैसे गेले असतील तर वेळ न घालवता १९३० ला, म्हणजे सायबर फसवणुकीच्या सरकारी हेल्पलाइनला, फोन लावायला सांगा, कारण पैसे पुढच्या पुढच्या खात्यांतून निघून जायच्या आधी कळलं तर बँक ते अडवून धरू शकते. शिकत असताना घरच्यांना हे समजावून ठेवलंत तरी तुमचं पहिलं सिक्युरिटीचं काम झालंच म्हणा.

लॅपटॉप आणि घरातली लॅब

महागडा गेमिंग लॅपटॉप लागत नाही. ८ जीबी रॅममध्ये काम सुरू होतं, १६ असेल तर आरामात होतं, आणि हार्ड डिस्कच्या ऐवजी एसएसडी पाहिजेच. जुना लॅपटॉप असेल तर आरएनटी मार्गावर सिल्व्हर मॉलमध्ये जाऊन रॅम वाढवून आणि एसएसडी टाकून घ्या, दोन-तीन दुकानांत भाव विचारा, नव्या लॅपटॉपच्या मानाने फार थोडक्यात काम होतं.

मग व्हर्च्युअलबॉक्स टाका, म्हणजे एकाच लॅपटॉपच्या आत वेगळी मशीनं चालवता येतात, ते फुकट आहे. त्यात एक काली लिनक्स आणि एक मुद्दाम कच्चं ठेवलेलं मशीन, मेटास्प्लॉइटेबल २ नावाचं, अशी दोन मशीनं उभी करा. दोन्हीचं नेटवर्क होस्ट-ओन्ली (फक्त लॅपटॉपच्या आतलं) ठेवा, ब्रिज्ड (घरच्या नेटवर्कला जोडलेलं) नको, कारण मेटास्प्लॉइटेबल भोकांनीच भरलेलं आहे आणि ते घरच्या वायफायवर उघडं सोडायचं नसतं. प्रत्येक मशीन चालू स्थितीत आलं की स्नॅपशॉट घ्या, म्हणजे बिघडलं तर मिनिटात मागे जाता येतं आणि बिघडवायची भीती राहत नाही, आणि शिकायला ती भीती नसणं फार गरजेचं आहे.

कालीला लॅपटॉपची मुख्य सिस्टम करू नका. लिनक्स नवीन असलेल्यांनी काली वापरू नये असं तिच्या स्वतःच्या डॉक्युमेंटेशनमध्येच सांगितलंय. रोजच्या वापराला उबुंटू घ्या किंवा विंडोज राहू द्या. आणि टेलिग्रामवर मिळणारे क्रॅक केलेले टूल, "५०० जीबी हॅकिंग कोर्स" असले गठ्ठे उतरवू नका, त्यात काय घातलंय हे तुम्हाला आत्ता ओळखता येणार नाही, आणि गरजही नाहीये, लागणारी बहुतेक टूल फुकटच आहेत.

नेटवर्क, पहिले दोन महिने

एक प्रश्न समोर ठेवा: ब्राउझरमध्ये वेबसाइटचं नाव टाइप करून एंटर दाबलं की पान दिसेपर्यंत काय काय होतं? याचं उत्तर पहिल्या आठवड्यात चार ओळींचं येईल, दोन महिन्यांनी दोन पानांचं आलं पाहिजे. आधी डीएनएसला विचारणा जाते, पोर्ट ५३ (पोर्ट म्हणजे मशीनवरच्या एकेका सेवेच्या दाराचा नंबर), नावाचा आयपी मिळतो. मग त्या आयपीशी टीसीपीची ओळख होते, सिन, सिन-अ‍ॅक, अ‍ॅक अशा तीन टप्प्यांत. मग पोर्ट ४४३ वर टीएलएस (बोलणं गुप्त ठेवायची पद्धत) ठरतं, सर्टिफिकेट तपासलं जातं, आणि त्यानंतर कुठे ब्राउझर खरी मागणी पाठवतो आणि सर्व्हर उत्तर देतो, २०० म्हणजे ठीक, ३०१ म्हणजे दुसरीकडे जा, ४०३ म्हणजे तुला मनाई, ४०४ म्हणजे असं काही नाही, ५०० म्हणजे सर्व्हरचंच काहीतरी बिघडलं.

हे नुसतं वाचू नका, वायरशार्क (नेटवर्कवरून जाणारं सगळं पकडून दाखवणारं टूल) लावून डोळ्यांनी बघा. वायरशार्क चालू करा, एक साइट उघडा, बंद करा आणि मग त्यातली डीएनएसची ओळ, त्या तीन टप्प्यांच्या ओळी शोधून काढा. पहिल्यांदा हजारो ओळी बघून गांगरायला होतं, मग फिल्टर लावायला शिकता, मग हळूहळू ते वाचता येतं आणि त्यानंतर नेटवर्कबद्दल वाचलेलं काही विसरलं जात नाही. सबनेट (नेटवर्कचे पाडलेले भाग) पण हातानं करा, /२४ म्हणजे २५६ पत्ते आणि त्यातले २५४ वापरता येणारे, हे का, हे कॅल्क्युलेटरशिवाय सांगता आलं पाहिजे. पोर्ट पाठ करत बसू नका, वापरात आले की आपोआप बसतात, २२ एसएसएच (दुसऱ्या मशीनवर दुरून लॉगिन), ४४५ विंडोजची फाइल शेअरिंग, ३३०६ मायएसक्यूएल.

एनमॅप, म्हणजे मशीनवर कुठले पोर्ट उघडे आहेत हे शोधणारं टूल, इथेच शिका. आपल्या लॅबमधल्या मशीनवर चालवा, आणि बाहेरचं काही हवंच असेल तर एनमॅपवाल्यांनी सरावासाठी स्कॅनमी डॉट एनमॅप डॉट ऑर्ग नावाचं मशीन मोकळं ठेवलंय, तिथेही दिवसातून थोडेसेच स्कॅन करा असं त्यांनी लिहिलंय, ते पाळा. एनमॅप चालू असताना शेजारी वायरशार्क पण चालू ठेवा, म्हणजे एनमॅप "ओपन" कशावरून म्हणतं ते कळेल.

लिनक्स

यासाठी मला ओव्हरदवायरचा बँडिट हा खेळ सगळ्यात आवडतो. पोर्ट २२२० वर एसएसएचने आत जायचं, प्रत्येक लेव्हलला पुढच्या लेव्हलचा पासवर्ड कुठेतरी लपवलेला असतो, कधी विचित्र नावाच्या फाइलमध्ये, कधी हजार ओळींच्या गठ्ठ्यात. सुरुवातीच्या लेव्हल तासाभरात होतात, मग एखादीवर अडकता आणि दोन दिवस जातात. जाऊ द्या. यूट्यूबवर उत्तर बघू नका, त्या कमांडचं मॅन्युअल वाचा, कारण नोकरीत उत्तराचा व्हिडिओ नसतो.

परवानग्या नीट समजून घ्या, लिनक्समधल्या बहुतेक गडबडी तिथेच होतात. वाचायचे ४, लिहायचे २, चालवायचे १, त्यांची बेरीज मालकासाठी, ग्रुपसाठी आणि बाकीच्यांसाठी, म्हणून ७५५ म्हणजे मालकाला सगळं आणि इतरांना वाचायला-चालवायला. कोणी घाईत ७७७ देऊन ठेवलं की सर्व्हरवर शिरलेला कोणीही ती फाइल बदलू शकतो, आणि ती फाइल रूटच्या (सगळे अधिकार असलेल्या खात्याच्या) नावाने दर तासाला चालणारी स्क्रिप्ट असेल तर शिरलेला माणूस तासाभरात रूट होतो. अशी साखळी एकदा स्वतः लॅबमध्ये घडवून बघा, मग एसयूआयडी म्हणजे काय आणि पासवर्डचे हॅश (मूळ पासवर्ड परत काढता येत नाही असं त्याचं रूप) शॅडो फाइलमध्ये वेगळे का ठेवतात हे वाचायला मजा येते.

एक सराव सांगतो. उबुंटूवर एसएसएच चालू करा, मुद्दाम पाच-दहा वेळा चुकीचा पासवर्ड टाका आणि मग ऑथ डॉट लॉग या फाइलमधून ग्रेप, ऑक, सॉर्ट आणि युनिक वापरून कुठल्या आयपीवरून किती वेळा चुकीचं लॉगिन झालं ते काढा. मग हेच काम पायथनमध्ये वीस-तीस ओळींत करा. प्रोग्रामिंग सुरुवातीला एवढंच लागतं, फाइल वाचणं, मजकूर तोडणं, वेबला मागणी पाठवणं. कोणाचा कोड वाचून तो काय करतो हे कळणं मात्र लागतंच, त्यामुळे पायथन रोज थोडं थोडं चालू ठेवा.

वेब

फ्रेशर टेस्टरच्या वाट्याला जास्त करून वेबचंच काम येतं, म्हणून इथे जास्त वेळ द्या. पोर्टस्विगरची वेब सिक्युरिटी अकॅडमी पूर्ण फुकट आहे, आधी वाचायचं आणि लगेच त्यांच्याच लॅबमध्ये करून बघायचं, आणि बर्प सूटची (ब्राउझर आणि सर्व्हरमधली मागणी पकडून बदलायचं टूल) कम्युनिटी आवृत्तीही फुकट आहे. घरी हवं असेल तर डीव्हीडब्ल्यूए किंवा ओवास्पचं ज्यूस शॉप, या सरावासाठी मुद्दाम कच्च्या ठेवलेल्या साइट, उभं करा.

ओवास्प ही २००१ पासून चालू असलेली वेब सिक्युरिटीची संस्था, तिची वेबमधल्या मोठ्या धोक्यांची टॉप १० यादी सगळीकडे वापरतात. २०२१ च्या यादीत पहिल्या नंबरवर ब्रोकन अ‍ॅक्सेस कंट्रोल (कोणाला काय बघता-करता येतं याची तपासणी चुकणं) आहे, आणि नव्याने शिकणाऱ्याने सुरुवात इथूनच करावी असं माझं मत आहे, एसक्यूएल इंजेक्शनवरून नाही. का ते बघा. समजा एका नमकीनच्या दुकानाची ऑनलाइन ऑर्डरची साइट आहे. तुम्ही लॉगिन केलं, तुमची ऑर्डर उघडली, वर पत्त्यात ऑर्डरचा नंबर दिसतोय १०४१. तो बदलून १०४२ केला आणि कोणा दुसऱ्याचं नाव, घरचा पत्ता, फोन नंबर समोर आला. सर्व्हरने एवढंच तपासलं की तुम्ही लॉगिन आहात का, पण ही ऑर्डर तुमची आहे का हे तपासलंच नाही. यात एकही टूल लागलं नाही, आणि ऑटोमॅटिक स्कॅनरला हे सहसा सापडतही नाही, कारण १०४२ कोणाची आहे हे स्कॅनरला कुठे माहीत असतं. ते माणसालाच कळतं. अशी चूक शोधायची तर लॅबमध्ये दोन खाती काढायची, एकाची मागणी बर्पमध्ये पकडायची, दुसऱ्याच्या सेशनने पाठवायची आणि काय येतं बघायचं. (हे खऱ्या दुकानाच्या साइटवर करायचं नाही, वर परवानगीबद्दल लिहिलंय ते इथे लागू.)

मग एसक्यूएल (डेटाबेसला विचारायची भाषा) इंजेक्शन. युजरने लिहिलेला मजकूर तसाच्या तसा क्वेरीत चिकटवला की डेटाबेसला त्यातलं डेटा कुठलं आणि हुकूम कुठला हे कळत नाही, म्हणून हे होतं. उपाय पॅरामीटराइज्ड क्वेरी, म्हणजे क्वेरीचा साचा आधी आणि युजरचा मजकूर वेगळा पाठवायचा. प्रत्येक बगचं असं कारण आणि उपाय दोन्ही शिका, नुसता पेलोड (हल्ल्यासाठी टाकायचा मजकूर) पाठ करणाऱ्याला डेव्हलपर विचारतो "मग मी काय बदलू?" तेव्हा उत्तर नसतं. पुढे एक्सएसएस (दुसऱ्याच्या ब्राउझरमध्ये आपली स्क्रिप्ट चालवणं), फाइल अपलोड, एसएसआरएफ (सर्व्हरकडूनच नको तिथे मागणी पाठवून घेणं), पासवर्ड रिसेटमधल्या चुका या क्रमाने जा. पीएचपी-मायएसक्यूएलमध्ये एक छोटी लॉगिनवाली साइट स्वतः बनवा, आधी चुकीची, मग तीच दुरुस्त करून. या एका प्रोजेक्टवर इंटरव्ह्यूमध्ये अर्धा तास बोलता येतं.

लिहायला शिका

हा भाग कुठल्याच क्लासमध्ये नीट शिकवत नाहीत आणि नोकरीत पगार मात्र याचाच मिळतो. तुम्ही जे शोधलं ते क्लायंट बघत नाही, तो तुमचा रिपोर्ट बघतो. त्याच्या डेव्हलपरने रिपोर्ट वाचून तुम्हाला फोन न करता तो बग स्वतःच्या मशीनवर परत करून बघता आला पाहिजे, एवढी एकच कसोटी लावा.

वाईट रिपोर्ट असा असतो: "साइटमध्ये अ‍ॅक्सेस कंट्रोलचा प्रॉब्लेम आहे, हॅकर डेटा चोरू शकतो, लवकर दुरुस्त करा." चांगल्यात वरच्या नमकीनवाल्या उदाहरणाचं असं येईल, की कोणताही लॉगिन केलेला ग्राहक ऑर्डरचा नंबर बदलून दुसऱ्या ग्राहकाचं नाव, पत्ता आणि फोन बघू शकतो. मग पायऱ्या, खाते अ ने लॉगिन करा, अमुक पान उघडा, नंबर बदला, हे दिसेल, सोबत स्क्रीनशॉट आणि त्यात दुसऱ्याचा खरा नंबर झाकलेला. मग परिणाम, नंबर ओळीने असल्यामुळे सगळ्या ऑर्डरींची माहिती एका स्क्रिप्टने काढता येईल. मग उपाय, ऑर्डर दाखवण्याआधी सर्व्हरवर तपासा की ती या ग्राहकाचीच आहे. आणि तपासणी तिथेच थांबवायची, खात्रीसाठी एक-दोन नोंदी पुरतात, हजार ग्राहकांचा डेटा उतरवून "बघा किती मिळाला" असं दाखवायचं नाही, तो लोकांचा खाजगी डेटा आहे.

आपल्यातल्या बऱ्याच जणांना इंग्रजीची धास्ती असते, घरात मराठी, बाहेर हिंदी, शाळाही हिंदी मीडियमची. पण रिपोर्टला साधं, छोट्या वाक्यांचं, बरोबर इंग्रजी लागतं, भारी शब्द नकोतच. लॅबमधल्या प्रत्येक बगचा अर्ध्या पानाचा रिपोर्ट आजपासून लिहा, आधी मराठीत विचार मांडलात तरी चालेल, मग इंग्रजीत करा. सहा महिन्यांत तीस-चाळीस रिपोर्ट हाताशी असतील. त्यातले चांगले गिटहबवर टाका. फक्त हॅक द बॉक्स या सरावाच्या साइटवरच्या चालू मशीनची उत्तरं सार्वजनिक करू नका, त्यांचा तसा नियम आहे, रिटायर झालेल्या मशीनचं टाकलं तर चालतं.

खऱ्या साइटवर सराव हवा असेल तर हॅकरवन, बगक्राउडवर बग शोधून कळवायचे कंपन्यांचे जाहीर प्रोग्राम असतात, तिथे स्कोप वाचून, त्याच्या आत राहून काम करा. पण पहिल्या वर्षात त्यावर कमाई होईल असा हिशेब मांडू नका, तिथे जगभरचे अनुभवी लोक बसलेले असतात, तुम्ही ते खऱ्या सिस्टम बघायला आणि स्कोप पाळायच्या सवयीसाठी करा. सहज वापरताना कुठल्या सरकारी किंवा कंपनीच्या साइटवर काही चुकीचं दिसलं तर पुढे खोदू नका, जेवढं दिसलं तेवढं लिहून सर्ट-इनला (सायबर सुरक्षेची सरकारी संस्था) कळवा, अशी माहिती घेणं आणि संबंधितांपर्यंत पोचवणं हे त्यांचं कामच आहे.

कुठल्या बाजूला जायचं

बाहेरून सगळ्यांना हल्ले करणारी बाजू दिसते, पण फ्रेशरला दार जास्त करून बचावाच्या बाजूने उघडतं. तिथे सॉक नावाची टीम असते, शिफ्टमध्ये बसून स्प्लंक, सेंटिनल असल्या लॉग गोळा करणाऱ्या सिस्टमवर येणारे अलर्ट बघते. विंडोजच्या लॉगमध्ये ४६२५ म्हणजे लॉगिन फसलं, ४६२४ म्हणजे झालं. एकाच आयपीवरून पाचशे वेळा ४६२५ आणि शेवटी एक ४६२४ दिसला तर तुमच्या पोटात गोळा आला पाहिजे, आणि पुढे काय करायचं ते माहीत पाहिजे. याचा सराव घरी करायला वाझू टाका, तीही तशीच सिस्टम आणि फुकट आहे, तुमच्याच लॅबवर एका मशीनमधून हल्ला करा आणि दुसऱ्यात तो लॉगमध्ये कसा दिसतो ते बघा. रात्रपाळी असते, तब्येतीचा आणि घरचा विचार करून ठरवा, पण वर्ष-दोन वर्षं सॉकमध्ये काढलेला माणूस पुढे टेस्टर म्हणूनही चांगला होतो, कारण हल्ला पलीकडून कसा दिसतो हे त्याला माहीत असतं.

बीकॉम, बीबीए केलेल्यांनी उगाच मागे राहू नये. ऑडिट आणि कम्प्लायन्सची बाजू आहे, तिथे आयएसओ २७००१ हे माहितीच्या सुरक्षेचं मानक (२०२२ च्या आवृत्तीत ९३ कंट्रोल, म्हणजे सुरक्षेचे उपाय, आहेत), बँकांसाठी रिझर्व्ह बँकेची २०१६ ची सायबर सिक्युरिटी चौकट, २०२३ चा डेटा प्रोटेक्शनचा कायदा, हे वाचून कंपनीत ते खरंच पाळलं जातंय का हे पुराव्यानिशी तपासायचं असतं. हे काम कमी दर्जाचं समजू नका. मे २०१७ मध्ये वॉनाक्राय हा फाइली कुलूपबंद करून खंडणी मागणारा प्रोग्राम पसरला तेव्हा मायक्रोसॉफ्टचा पॅच (ते भोक बुजवणारा अपडेट) मार्चमध्येच आलेला होता. डिसेंबर २०२१ मध्ये लॉगफोरजे या लॉग लिहिणाऱ्या जावा लायब्ररीचं भोक निघालं, १० पैकी १० गंभीर, तेव्हा कितीतरी कंपन्यांना आपण ती लायब्ररी कुठे कुठे वापरतो हेच शोधत बसावं लागलं. पॅच लावला का, आपल्याकडे काय काय आहे याची यादी आहे का, हे नेटाने विचारणारी माणसं लागतात.

फोरेन्सिक्स आवडत असेल तर नॅशनल फोरेन्सिक सायन्सेस युनिव्हर्सिटीचं मुख्य ठिकाण गांधीनगरला आहे आणि भोपाळलाही कॅम्पस आहे, आपल्याला जवळ.

कोर्स आणि सर्टिफिकेट, कधी आणि कुठलं

पाया झाल्यावर. एनपीटेल या आयआयटींच्या ऑनलाइन कोर्सच्या साइटवर आयआयटी खरगपूरचा एथिकल हॅकिंगचा १२ आठवड्यांचा कोर्स आहे, शिकणं फुकट, परीक्षेला हजाराच्या आसपास, कॉलेजमध्ये असताना करून टाका. ग्रॅज्युएशननंतर पूर्ण वेळ शिकायचं असेल तर सी-डॅक या सरकारी संस्थेचा आयटी इन्फ्रास्ट्रक्चर, सिस्टम्स अँड सिक्युरिटीचा पीजी कोर्स बघा, त्याला सी-कॅट नावाची प्रवेश परीक्षा असते. पुण्याला तो होतो, आणि इंदूरच्या मराठी घरातल्या मुलांची पुण्यात आत्या-मावशी बहुतेक असतेच, राहायचा प्रश्न सुरुवातीला तरी सुटतो.

परदेशी सर्टिफिकेटांत सुरुवातीला कॉम्पटियाचं सिक्युरिटी प्लस मला सगळ्यात सरळ वाटतं, ९० मिनिटं, जास्तीत जास्त ९० प्रश्न, ९०० पैकी ७५० लागतात, आणि अभ्यासक्रम सगळ्या बाजूंना हात लावतो. सीईएचचं नाव एचआरला माहीत असतं, जाहिरातींत तेच लिहिलेलं असतं, पण ती १२५ प्रश्नांची पर्याय निवडायची परीक्षा आहे, ती पास झाल्याने हात बसत नाही, कंपनी पैसे देत असेल तर जरूर करा, घरच्यांकडून मोठी रक्कम घेऊन नको. ओएससीपी ही खरी हाताची परीक्षा, जवळजवळ २४ तास मशीनं फोडायची आणि पुढच्या २४ तासांत रिपोर्ट द्यायचा. ती लाखाच्या वर जाते, एक-दोन वर्षं काम केल्यावर द्या. सीआयएसएसपीला ५ वर्षांचा अनुभव लागतो, त्याचं नाव सांगून फ्रेशरला कोणी काही विकत असेल तर तिथून निघा.

नोकरी

इंदुरात सुपर कॉरिडॉरवर टीसीएस, इन्फोसिस आहेत, क्रिस्टल आयटी पार्कमध्ये आणि शहरभर छोट्या-मोठ्या सॉफ्टवेअर कंपन्या आहेत, पण नुसत्या सिक्युरिटीच्या जागा पुणे, बेंगळुरू, हैदराबादच्या मानाने कमी. म्हणून दोन रस्ते ठेवा. एक, इथेच नेटवर्क सपोर्ट, लिनक्स अ‍ॅडमिन किंवा डेव्हलपर म्हणून लागा आणि आत राहून सिक्युरिटीचं काम मागून घ्या, छोट्या कंपनीत ते करायला कोणी नसतंच, मागितलं की मिळतं. दुसरा, बाहेरच्या शहरांतल्या सॉक आणि टेस्टिंगच्या जागांना अर्ज. सर्ट-इनच्या साइटवर त्यांच्या पॅनेलवरच्या ऑडिट कंपन्यांची यादी असते, टेस्टिंगचं काम करणाऱ्या कंपन्या त्यातून शोधायला सोप्या, नाव घेऊन त्यांच्या करिअर पानावर जा.

रेझ्युमे एक पानाचा. "काली, मेटास्प्लॉइट, बर्प येतं" असं लिहिण्याऐवजी काय केलं ते लिहा, "दोन मशीनची लॅब उभी केली, पासवर्डवरचा हल्ला वाझूमध्ये पकडला, त्यासाठीचा नियम लिहिला, रिपोर्ट गिटहबवर." इंटरव्ह्यूत हमखास विचारतात: एंटर दाबल्यावर काय होतं, हॅश आणि एन्क्रिप्शनमध्ये फरक काय (हॅशवरून मूळ मजकूर परत काढता येत नाही, एन्क्रिप्शन किल्ली असेल तर उलगडता येतं), सॉल्ट (हॅश करण्याआधी पासवर्डला जोडायचा वेगळा मजकूर) कशासाठी, फिशिंगच्या मेलमध्ये एसपीएफ, डीकिम, डीमार्क (मेल खरंच त्या डोमेनवरून आला का याच्या तपासण्या) कुठे बघशील. येत नसेल तर "हे मला माहीत नाही, असं शोधेन" म्हणा, या क्षेत्रात थापा मारणारा माणूस कोणालाच नको असतो, तुमच्या रिपोर्टवर पुढे त्यांची सही जाणार असते.

आणि ऑफर आली की आनंदाच्या भरात लगेच सही करू नका. बॉण्ड किती वर्षांचा, मधे सोडलं तर किती भरायचं, मूळ सर्टिफिकेट ठेवून घेतात का, ट्रेनिंगचे पैसे तुमच्याकडून घेणार आहेत का, शिफ्टला गाडी आहे का, विशेषतः मुलींनी हे लेखी विचारा, आणि तो कागद घरात ज्याला कळतं त्याला, बाबांना, काकांना, ओळखीच्या वकिलाला एकदा वाचायला द्या. दोन दिवसांचा वेळ मागितला तर चांगली कंपनी देते.